आमच्या बूथवर शिडीला एक

मी आयुष्यात महापालिकेच्या तीन निवडणुका हरलो आणि त्यांतल्या एकीलाही मी उभा नव्हतो. उभा राहायचा दुसराच, मी फक्त हरायचो. हेही सोपं काम नाही. निकालाच्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घालून बाहेर पडायचं आणि दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या गुलालात टाळूपासून टाचेपर्यंत न्हाऊन घरी यायचं. वाटेत चौघं तरी मिठी मारून अभिनंदन करणार, कारण एवढा लाल झालेला माणूस पडलेला असेल असं कुणाला वाटत नाही. तिसऱ्या निवडणुकीनंतर आमच्या मोरीची फरशी जी गुलाबी झाली ती आजही तशीच आहे. पावणे विचारतात, ही कुठनं आणली? मी राजस्थान म्हणून सांगतो.

आमचा पक्ष लहान. किती लहान, तर जिल्हा कचेरी एका सायकल दुकानाच्या माडीवर होती आणि सगळे कार्यकर्ते एकदम आले असते तर दोघांना जिन्यात बसावं लागलं असतं. ते एकदम कधी आले नाहीत, कारण पक्षात तेरा माणसं आणि चौदा गट होते. निकालानंतर वर्तमानपत्रात तक्ता यायचा. मोठ्या पक्षांची नावं ठळक अक्षरांत, त्यांच्याखाली अपक्ष, आणि अगदी तळाला, पान दुमडतं तिथं, 'इतर'. ते इतर म्हणजे आम्ही. मी तो तक्ता वहिनीला दाखवायचो. ती म्हणायची, भावजी, नाव तर आलंय का? मी म्हणायचो, आलंय की, टोपणनाव आलंय.

पहिली निवडणूक नव्वदच्या दशकातली, चिठ्ठीवर शिक्का मारायच्या काळातली. मी तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होतो. त्याच कारखान्यात दादा फिटर होता. दादा हे काही त्याचं नाव नव्हे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा म्हणून सगळेच दादा म्हणायचे. आमच्याच वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती, तिथं त्याचं घर. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतलेला. माणूस शांत, मी दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं तो वर्षभरात बोलत असेल. डबा खाताना वर्तमानपत्र अंथरायचा आणि खाता खाता त्यातली शेवटची ओळसुद्धा वाचायचा, टेंडर नोटिशीसकट.

पक्षानं त्याला उभं राहा म्हटलं. पक्षाचं काय, वॉर्डात मी सोडलो तर त्यांना तो एकच माणूस माहीत होता. पण तो आमच्या वॉर्डातून, खुल्या जागेवर अर्ज भरतो म्हणाला तेव्हा सगळे चक्रावले. शेजारचा वॉर्ड राखीव होता, तिथं निदान आशा होती. मी डब्याच्या वेळी त्याला म्हटलं, दादा, इथं तू निवडून येणार नाहीस. तुझी वस्ती सोडली तर तुला कोण मत देणार?

तो म्हणाला, "त्येच बघायचं हाय."

मला कळेना. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सरळ सांगितलं.

"राखीव जागंवर आमच्यातला कोण ना कोण येणारच. त्यात बघायचं काय? तुमच्या गल्लीत मी वीस वर्स येतोय जातोय. पंखं दुरुस्त केलं, मिक्सर दुरुस्त केलं. पडद्याआड एकटा माणूस माझ्या नावावर शिक्का मारतोय का न्हाय, तेवढं मला मोजायचं हाय. जिंकायचं तुम्ही बघा."

मी तिथल्या तिथं छातीवर हात मारला. म्हटलं, दादा, मोजायला सात बोटं आत्ताच धर. आमच्या घरात सात मतं. आई, वडील, थोरला भाऊ, वहिनी, काका, काकू आणि मी. सातच्या सात तुझी. तो हसला आणि डब्याचं झाकण लावलं.

चिन्ह मिळालं शिडी. आम्ही कंदील मागितला होता. पण मला शिडीत भविष्य दिसलं. एका रंगाऱ्याची बावीस पायऱ्यांची बांबूची शिडी मी मागून आणली आणि ती खांद्यावर घेऊन आमचा प्रचार सुरू झाला. पुढं मी, मागं दादा, मध्ये शिडी. गल्लीच्या वळणावर आमची मिरवणूक वळायला पाच मिनिटं लागायची, तेवढ्यात एक भाषण व्हायचं.

आणि मग दुसऱ्याच दिवशी चमत्कार झाला. एका म्हातारीनं हाक मारली, अरं पावणं, शिडी आणलीच हाय तर तेवढी आमची अँटेना सरळ करा की. त्या आठवड्यात पन्हाळ्याच्या बाजूनं असा वारा सुटला होता की वॉर्डातल्या सगळ्या अँटेना मान टाकून पडल्या होत्या. दादा वर चढला. फिटरचा हात, पाच मिनिटांत चित्र आरशासारखं. शेजारणीनं बोलावलं. तिच्या शेजारणीनं बोलावलं. पुढं तर लोक आम्ही दिसलो की भाषण आवरा म्हणायचे आणि छपराकडं बोट दाखवायचे. एका घरात गेली चार वर्षं टीव्हीवर फक्त कानडी बातम्या लागायच्या आणि त्या घरचे आजोबा त्या रोज बघून कानडी शिकले होते. दादानं अँटेना फिरवली, मराठी बातम्या लागल्या, तर आजोबा चिडले, म्हणाले आता मला परत सगळं पहिल्यापासनं समजून घ्यावं लागणार.

एक अँटेना म्हणजे पाच मतं असा माझा ठोकताळा. आमच्या गल्लीत आम्ही सदतीस अँटेना सरळ केल्या. खरं सांगायचं तर एकोणीस, पण मी तालमीच्या कट्ट्यावर सदतीस सांगितल्या आणि मग तोच आकडा मला खरा वाटायला लागला.

आमच्या घरची अँटेनाही त्यातच. दादा छपरावर, मी खालनं 'आलं, गेलं, आलं' ओरडतोय, सगळं घर अंगणात. चित्र लागलं. आईनं चहा केला. सगळ्यांना कपबशीत आला. दादाला मात्र काचेच्या ग्लासात आला, आणि तो ग्लास फडताळातला नव्हता, मागच्या दाराच्या कोनाड्यातला होता. तो तिथं कुणासाठी ठेवलेला असतो हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. दादानं चहा पिला. उठून अंगणातल्या नळावर ग्लास विसळला आणि स्वतःच कोनाड्यात पालथा घातला. कुठला कोनाडा हे त्याला सांगावं लागलं नाही. मी त्या वेळी अँटेनाकडं बघत होतो. इतकं निरखून मी आजवर कुठली वस्तू बघितलेली नाही.

जाताना वडील म्हणाले, काळजी करू नका, आमची सात धरून चाला. काकांनी मान हलवली. आई बशा गोळा करत होती.

मतदानादिवशी मला वस्तीच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसवलं. आमच्या गल्लीचं बूथ शाळेत, वस्तीचं समाजमंदिरात, मध्ये फक्त ओढ्यावरचा पूल. चालत चार मिनिटं. दुपारी मला सोडवायला पक्षाचा माणूस येणार होता, मी जाऊन मत टाकून येणार होतो. तो आला नाही, कारण तो पंधराव्या गटात गेला होता. आता तिथून उठायला मला कुणी बंदी केली नव्हती. पण मी उठलो तर बोगस मतदानाचा महापूर येणार आणि लोकशाही त्या ओढ्यातनं वाहून जाणार, अशी माझी खात्री. शिवाय निवडणूक अधिकाऱ्याला मी एक गोष्ट सांगत होतो आणि ती रंगात आली होती. मनात म्हटलं, घरची सहा तर आहेतच, एकानं काय बिघडतंय. साडेपाच वाजले. दार लागलं. माझं बोट कोरं ते कोरंच राहिलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी. तेव्हा पेट्या बूथवार फोडायचे. टेबलाच्या अलीकडं जाळी, जाळीला नाकं लावून आम्ही सगळ्या पक्षांचे लोक, कोंबड्यांच्या खुराड्यासारखे. पहिली पेटी वस्तीची निघाली. शिडी, शिडी, शिडी. गठ्ठ्यावर गठ्ठे. दादा शांत उभा. मला मात्र राहवलं नाही. मी धावत फाटकाबाहेर गेलो, खिशातली गुलालाची पुडी फोडली आणि स्वतःच्या डोक्यावर पालथी केली. पहिल्या पेटीला गुलाल घेणारा कोल्हापूरच्या इतिहासातला मी एकटाच. एका हलगीवाल्यानं गैरसमजानं दोन मिनिटं वाजवलंसुद्धा.

परत आत आलो तेव्हा आमच्या गल्लीची पेटी फुटलेली होती. टेबलावरच्या साहेबांनी वाचलं. आमच्या तालमीचा उमेदवार, एवढी. बंगल्यांच्या बाजूचा ठेकेदार, एवढी. मग जरा थांबून, "शिडी, एक."

दादा जाळीजवळ सरकला. "साहेब, परत एकदा बघता का? दुसऱ्या गठ्ठ्यात गेली असतील."

साहेब भले होते, त्यांनी बघितलं. एकच होतं.

दादानं हातातल्या कागदावर एक लिहिला. मग माझ्याकडं वळला. त्यानं माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. माझी बोटं गुलालानं माखलेली होती.

"तुझं तरी आलं, भावा," तो म्हणाला.

मी व्हय म्हणालो. आजवर मी लाखभर थापा मारल्या असतील. पूर आला तेव्हा मी म्हशीच्या पाठीवर बसून पंचगंगा ओलांडली हीसुद्धा थापच. पण त्यांतल्या कुठल्याच थापेला त्या 'व्हय'एवढं वजन नव्हतं.

ठेकेदार निवडून आला, तालमीचा माणूस थोडक्यात पडला आणि दादाचं डिपॉझिट गेलं. मग कट्ट्यावर सुरू झालं ते जे आम्हा इतरांच्या वाट्याला नेहमीच येतं. आमच्या माणसाला तुझ्या शिडीनं पाडलं, असं जो तो मला सुनावू लागला. मतं खाल्लीसा तुम्ही. मी म्हटलं, बाबांनो, आपल्या गल्लीत शिडीला एक मत पडलंय, एका मतात काय खाणार आम्ही? यावर तेच लोक माझ्या खांद्यावर हात टाकून, आवाज उतरवून सांगायचे, ते एक माझंच होतं बघ. पहिल्या दिवशी असे नऊजण भेटले. आठवड्याभरात त्या एका मताचे मालक साठ झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, माणूस मात्र चांगला होता. निवडणुकीत एखाद्याला चांगला माणूस म्हणायला लागले की त्याचं काही खरं नाही. निवडून येणाऱ्याला असलं कुणी म्हणत नाही.

दादा मात्र रीतीप्रमाणे आभार मानायला दारोदार फिरला. आमच्या गल्लीतसुद्धा. हात जोडायचा, मत दिल्याबद्दल आभारी आहे म्हणायचा आणि पुढच्या दाराला जायचा. दारातली माणसं मान खाली घालून 'असू दे की' म्हणायची. एका बाईनं तेवढ्यात अँटेना परत फिरल्याचं सांगितलं. दादा शिडी घेऊन आला आणि करून गेला.

घरी मी सगळ्यांना धरलं. वडील म्हणाले, आम्ही शब्द मोडतोय व्हय? भावानं अंबाबाईची शपथ घेतली. काकू तर शिक्का शिडीच्या कुठल्या पायरीवर मारला तेही सांगायला लागल्या. काका आणि वहिनी एकदमच म्हणाले, आमचं शिडीलाच. पाच माणसं, पाच मतं, आणि पेटीत एक. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही. तिला मी विचारलंही नाही. तो ग्लास मी बघितला होता, त्यामुळं उत्तर मला माहीत आहे असं मला वाटलं.

पुढच्या निवडणुकीला दादा परत उभा राहिला, परत तिथनंच. मी म्हटलं, आता काय मोजायचं राहिलंय? तो म्हणाला, बघूया. तोपर्यंत घरोघर केबल आली होती आणि आमच्या पक्षाचा पायाच खचला होता. सरळ करायला एक अँटेना उरली नव्हती. शिडी खांद्यावर घेऊन आम्ही गेलो की लोकांना वाटायचं भिंतीला चुना लावायला आलेत. या खेपेला मी साडेसातला, रांगेत पहिला उभा राहून मत टाकलं. निकाल लागला. आमच्या बूथवर शिडीला दोन.

दोन ऐकलं आणि मी मनात हिशेब मांडला. दोनातलं एक माझं. म्हणजे दुसरं तेच, पहिल्या वेळचं. कुणीतरी एक माणूस होतं आणि ते पाच वर्षांनी परत आलं होतं. दादा म्हणाला, एकाचं दोन झालं की. मी हसलो. आता मात्र सांगायलाच हवं होतं, आणि मी पक्षाच्या वाढीचा वेग शंभर टक्के आहे असं भाषण केलं.

तिसरी निवडणूक दोन हजारनंतरची, मशिनवरची. मोजणी अर्ध्या तासात उरकली. पूर्वी पडायला निदान संध्याकाळ तरी लागायची. आमच्या बूथवर शिडीला चार. वॉर्डात आम्ही पाचवे. बाहेर जेसीबीच्या तोंडातनं गुलाल उधळत होते. माझ्या अंगात आता तो झटकायचंही बळ नव्हतं. दादा कारखान्यातनं रिटायर व्हायला आला होता, माझे गुडघे बोलायला लागले होते. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरनं कळंब्याच्या तलावावर गेलो आणि बांधावर बसलो. भर दुपार. पाण्यात म्हशी. मी पाण्यात पाच खडे टाकले, एकही म्हशीला लागला नाही.

मग म्हटलं, "दादा, पहिल्या वेळचं ते एक माझं नव्हतं. मी मतच टाकलं नव्हतं. तुमच्या वस्तीत बसून ऱ्हायलो."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

म्हटलं, कसं काय?

"तुझा हात धरलाता की मी. गुलालाखाली शाई दिसती, भावा. शाई नव्हती."

"मग तुझं तरी आलं म्हणून का म्हणालास?"

"तू खोटं बोलतोस का खरं, ते बघितलं." तो जरा हसला. "पर मग घरला गेल्यावर डोक्यात आलं. ह्याचं न्हाय, तर कुणाचं? त्या गल्लीत आपलं कोणतरी एक हाय, ज्याला मी वळखत न्हाय. त्याच्यापायी दोनदा परत उभा ऱ्हायलो. आता बास झालं."

तासाभरानं मी त्याला वस्तीच्या कोपऱ्यावर सोडलं आणि घरी आलो.

आई बाहेर बाजेवर बसली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, काका-काकू उचगावला वेगळे राहायला गेले होते. आईला आता नीट दिसत नव्हतं, पण गुलालाचा वास आला असावा. आमच्या घरात निकाल विचारायचं काम पुरुषांचं. आईनं उभ्या जन्मात कधी विचारला नव्हता.

"शिडीवाला पडला व्हय?" ती म्हणाली.

पडला म्हणालो.

"आपल्या हितं किती?"

"चार."

ती बोटं चोळत बसली होती. ती थांबली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वाढली की."

मी चप्पल काढता काढता तसाच उभा राहिलो. कशावरनं वाढली, ते पहिलं एक कुणाचं, हे या घरात तिलाच ठाऊक असणार. बाकीच्या सगळ्यांनी आपापली मतं तेव्हाच तोंडानं शिडीला देऊन टाकली होती. विचारावं असं वाटलं, आणि मग वाटलं, नको, दहा वर्षं जी बोलली नाही तिला आता कशाला बोलवायचं.

"त्याला कवातरी चहाला घिऊन ये," आई म्हणाली.

बरं म्हणालो. मागच्या दारानं मोरीकडं गेलो. कोनाड्यात ग्लास होता, पालथाच. चहा कशात देणार ते मी तिला विचारलं नाही. बादली नळाखाली लावली आणि डोक्यावरनं पाणी घेतलं.